पदक उलटंसुलटं नव्हे, आडवं धरून पाहा

आबाजींच्या पेटीतलं पदक नेमकं कशाचं, यावर आमच्या घरात एकमत कधीच नव्हतं. एका बाजूला अशोकचक्र आणि त्यावर चक्क इंग्रजांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. मोठे बाबा म्हणत, हे स्वातंत्र्यसैनिकाचं. अर्जुनी मोरगावातल्या एका जाणकारांनी ते नकलीच ठरवलं होतं. चक्राच्या डोक्यावर मुकुट कधी असतो का, असा त्यांचा बिनतोड सवाल.

असतो. देश १९४७ला स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला २६ जानेवारी १९५०ला. मधल्या काळात सहावा जॉर्ज नावापुरता का होईना, राजा होताच. म्हणून ‘भारतीय स्वातंत्र्य पदका’वर दोन्ही खुणा एकत्र आल्या. हे पदक तेव्हा फौजेच्या पटावर असलेल्यांना मिळालं. तुरुंगवास-सत्याग्रहाशी त्याचा संबंध नाही. स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रं दिली गेली ती १९७२मध्ये. तेव्हा हे पदक पाहून कुणी ‘काका, स्वातंत्र्यसैनिकाच्या सवलतीचा अर्ज भरून देतो, थोडा खर्च येईल’ म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्याकडेही एक जण येऊन गेला.

खरी ओळख कडेवर असते. खिडकीजवळ तिरपा उजेड घ्या, भिंग लावा आणि पदक हळूहळू फिरवा. बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण असा क्रम दिसतो. आमच्या पदकावर आबाजींच्या नावापुढे ‘महार एम. जी.’ निघालं. पुतण्याने लगेच महात्मा गांधी जाहीर केले! ते निघालं मशीनगन. बेळगावला १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिलेली महार रेजिमेंट १९४६मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचं केंद्र कामठीला आलं. गोंदियाहून नागपूरला जाताना कामठी स्टेशन आलं की आबाजी दारात जाऊन का उभे राहत, ते तेव्हा कळलं.

नंबरातले शेवटचे दोन आकडे मात्र गेले होते. मोठ्या बाबांनी पदक सोनाराकडे नेलं होतं. त्याने घासून पाहिलं, चांदी नाही म्हणाला (ते तांबं-निकेलचंच असतं), आणि जाता जाता हौसेने मशीनवर पॉलिश मारून दिलं. चकाकी आली, अक्षरं झिजली. चिंच, राख, पितांबरी यांचीही तीच गत. कोरड्या मऊ कापडापलीकडे काही लावू नका. फितही विटली म्हणून फेकू नका. केशरी, पांढरा, हिरवा हे पट्टेसुद्धा पुरावाच आहेत.

कड कोरी निघाली तरी हिरमुसू नका. पहिल्या महायुद्धाच्या विजय पदकावर नाव असतं. पण १९३५चं रौप्यमहोत्सवी आणि १९३७चं राज्यारोहणाचं पदक बिननावाचंच दिलं जाई. तिथे सनद किंवा घरातले जुने फोटो शोधावे लागतात.

आमचे गेलेले आकडे पेन्शनच्या पुस्तकात सापडले. पूर्ण नंबर हाती आल्यावरच सागरला, महार रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज केला. सोबत नात्याचा पुरावा आणि कडेचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडले. मूळ पदक पोस्टाने कुठेही पाठवू नका, कुणी कितीही मागितलं तरी.