गाण्याचा धनी

शेजाऱ्याला आंबा दिला, की आपल्यापाशी उरत नाही. मोबाइलवरचे गाणे मात्र दिले तरी आपल्यापाशी राहतेच! म्हणून ते फुकटचे वाटते. पण रचणाऱ्याचे पोट त्यावरच चालते. त्याच्या हक्कासाठी आपल्या देशात १९५७ चा कायदा आहे.

फ्रान्स देशात एक तोड निघाली. इंटरनेट वापरणाऱ्याने दरमहा थोडी रक्कम भरावी. मग आपसांत गाणी खुशाल द्यावी-घ्यावी. जमलेला पैसा कलावंतांना वाटावा. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या लोकसभेने रात्री हे मान्य केले. ३० मते बाजूने, २८ विरुद्ध!

आम्हांला ही तोड बरी वाटते. पण कोणाचे गाणे किती गेले, हे मोजणार कोण? सरकार विरोधात होते, गाण्यांच्या कंपन्याही. मार्च २००६ मध्ये ती तोड बाद झाली.