सरावात चोख, आगीत गडबड

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अग्निशमन दलात आहे. सरावात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पण खऱ्या आगीत वायरलेसवरची हाक ऐकूच येत नाही, म्हणतो. तो घाबरट आहे का?
– एक भगिनी, पुलगाव

उत्तर : अजिबात नाही, ताई. ३१ मे २०१६ रोजी दारूगोळा भांडाराच्या आगीशी झुंजताना जीव गमावलेली माणसं तुमच्या गावाने पाहिली आहेत. त्या कामाचा ताण मी वेगळा काय सांगू!

धोका दिसताच अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. ज्वाळा दिसतात, पण हाक कानावर पडूनही मनात शिरत नाही. बोटंही ऐकत नाहीत : होजपाइपची जी कपलिंग एरवी डोळे मिटून बसते, तीच तेव्हा घसरते. पर्याय तोलणारी बुद्धी मंदावते. अंगवळणी पडलेलं मात्र बरंचसं टिकतं. म्हणून सराव धूर, अंधार, गोंगाट यांतच हवा. मोकळ्या मैदानावरचा पुरत नाही. हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणायचा, ही सवय मी सर्वांत मोलाची मानतो. आत शिरण्याआधी दोन-तीन संथ श्वास घ्यावेत.

आगीनंतर महिनाभर झोप उडाली, तीच दृश्यं दिसत राहिली, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुम्हीही सोबत जा.