इंदूर ते पुणे : अंतर किती, वेळ किती?



वर्गात आम्ही विचारले, इंदूरहून पुण्याला विमान किती वेळात पोहोचेल? उत्तर आले, ४० मिनिटे. ते कसे आले, पाहू.

इंदूर विमानतळ २२.७२ उत्तर अक्षांश व ७५.८० पूर्व रेखांशावर आहे, पुण्याचा १८.५८ व ७३.९२ वर. अक्षांशांत फरक ४.१४ अंश. एक अंश सुमारे १११ किमी, म्हणजे दक्षिणेकडे ४६० किमी. रेखांशांत फरक १.८८ अंश. या भागात एक अंश सुमारे १०४ किमी, म्हणजे पश्चिमेकडे १९६ किमी. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण निघतो ५०० किमी. ताशी ७५० किमी वेगाने ४० मिनिटे होतात.

गणित बरोबर आहे. तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाताना, वर चढताना आणि उतरताना विमानाला पूर्ण वेग नसतो.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याला प्रवेश परीक्षेला निघाला. त्याने फक्त उड्डाणाचा वेळ मोजला. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते, हे ध्यानात घेतले नाही. विमान सुटले, परीक्षा हुकली, वर्ष गेले. पालकांनी म्हणूनच घरापासून परीक्षा केंद्रापर्यंतचा वेळ मोजावा, आणि शक्यतो आदल्या दिवशी पोहोचावे.

गृहपाठ : नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. येथे रेखांशाचा एक अंश १०३ किमी धरा. इंदूरहून सरळ अंतर काढा. उत्तर ३८० किमीच्या जवळ यायला हवे.