पाण्यातल्या मोटरचे दुखणे

विंधनविहिरीतला पंप पाणी देईना, की लगेच दोनशे फूट पाइप वर काढायची घाई होते. खर्च फुकट जातो! आधी स्टार्टरवरचा अ‍ॅमीटर वाचा. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? तीनपैकी एक फेज गेला असेल. ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. तिन्ही फेज ठीक असून प्रवाह फार वाढला, तर पंखे वाळूने अडकले असावेत. उलट प्रवाह नेहमीपेक्षा बराच कमी आणि पाणीही नाही? मग एकतर मोटर-पंप जोडणारे कपलिंग तुटले, किंवा पातळी पंपाखाली गेली. कसे ओळखाल? मोटर बंद ठेवून काही तास थांबा. पुन्हा लावल्यावर थोडा वेळ पाणी आले, तर आटली आहे ती विहीर! (स्टार्टर मात्र उघडू नका, ते वायरमनचे काम.)