शहाळे कोणाला देऊ नये

आजाऱ्याला भेटावयास जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही. कोणी शहाळे नेतो, कोणी केळी, कोणी मोसंबी. रीत चांगली आहे. पण एका आजारात हीच भेट घात करते.

आमच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंड म्हणजे किडनी. मंगळवार, गुरुवार, शनिवार असा तो शहराच्या दवाखान्यात डायलिसिसला जातो. तेथे चार तास त्याचे रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करतात.

एका रविवारी पाहुणे आले. "प्या दाजी, अंगात ताकद येईल," म्हणून त्यांनी दोन शहाळी फोडली. दाजी प्याले. सोमवारी एकादशी. घरात बटाट्याची भाजी, रताळी, केळी, वर मूठभर शेंगदाणे. रात्री दाजींच्या पायांतला जोर गेला. उठता येईना. पहाटे जीप करून दवाखान्यात नेले. नाडी फार मंद झाली होती. तातडीने उपचार झाले, डायलिसिस झाले, म्हणून माणूस हाती लागला.

डॉक्टरांनी विचारले, "काल काय खाल्लं होतं?"

कारभारीण म्हणाली, "काहीच नाही हो. उपास होता की!"

आता झाले काय ते पाहा. फळे, भाज्या, डाळी यांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. हातपाय हलण्यास, काळीज चालण्यास तो लागतोच. निरोगी माणसाच्या रक्ततपासणीत त्याचा आकडा साधारण ३.५ ते ५ येतो. जास्तीचा क्षार मूत्रपिंडे लघवीवाटे टाकून देतात. ती बंद पडली की तो रक्तात साठतो. आकडा ६ च्या वर गेला की धोका वाढतो. काळजाचे ठोके बिघडतात, काळीज थांबूही शकते. पुष्कळदा आधी काहीच कळत नाही.

अशा रोग्याला दिवसाला साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅम पोटॅशियम चालते. प्रत्येकाचे माप डॉक्टर ठरवतात. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० असते. मोठा पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६००. दाजींनी तर दोन शहाळी घेतली होती. शिवाय शनिवार ते मंगळवार हा मोठा खंड. या दिवसांत क्षार साठत जातो, तेव्हा जपावे. डायलिसिसची पाळी तर कधीच चुकवू नये.

मग बटाटा कायमचा सोडावा काय? तसे नाही. साल काढून बारीक फोडी कराव्या. भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी ओतून द्यावे. बराच क्षार पाण्याबरोबर जातो. कुकरमध्ये नुसत्या वाफेवर शिजवून हे साधत नाही. शाळेत आम्ही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो की भाजीचे पाणी फेकू नका, त्यात सत्त्व असते. ते खरेच आहे. पण या रोग्यासाठी ते पाणी मोरीत गेलेलेच बरे. डाळीचा कटसुद्धा त्याला वाढू नये.

फळ हवे तर सफरचंदाच्या किंवा अननसाच्या दोन-चार फोडी द्याव्या. भाजीत दुधी, कोबी, काकडी बरी. साबुदाण्यात पोटॅशियम अगदी थोडे. पण खिचडीत दाण्याचे कूट आणि बटाटा पडला की हिशेब फिरला. घाबरून डाळ, अंडे मात्र बंद करू नये. डायलिसिसच्या माणसाला ते लागते. किती, ते डॉक्टरांना विचारावे. शौचास साफ होते ना, तेही पाहावे. कोठा जड असला तरी हा क्षार वाढतो.

एक गोष्ट राहिली, मिठाची. दुकानात 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून पुडी मिळते. रक्तदाबाला चांगली, असे सांगतात. त्यात पुष्कळदा पोटॅशियमच घातलेले असते. पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'पोटॅशियम क्लोराइड' असे छापलेले असते. छपाई इंग्रजीत असली तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावी, आणि हे शब्द निघाले तर पुडी परत करावी.