शेजाऱ्याकडून आलेले जनुक

विजातीय विद्युत्‌भार एकमेकांना ओढतात, हे तुम्ही शिकला आहात. कोलिस्टिन हे प्रतिजैविक धनभारित असते, तर जीवाणूचे बाह्य आवरण ऋणभारित. म्हणून औषध आवरणाला चिकटते, ते फाडते आणि जीवाणू मरतो. इतर औषधे हरली की डॉक्टर याच्याकडे वळतात. चीनमध्ये मात्र डुकरे झपाट्याने वाढावीत म्हणून ते खाद्यात मिसळले जाई!

शांघायच्या एका डुकरातील ई. कोलाय जीवाणूत एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यामुळे आवरणावरचा ऋणभार घटतो. मग औषध चिकटणार कसे?

हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर होते. दोन जीवाणू जोडले गेले की कड्याची प्रत एकातून दुसऱ्यात जाते. आपल्याला गुण आईवडिलांकडून मिळतात. जीवाणूला ते शेजाऱ्याकडूनही मिळतात. जनुक कड्यावर चढले ते उड्या मारणाऱ्या एका डीएनए-तुकड्याबरोबर. हा तुकडा प्रथम आढळला होता डुकरांना फुप्फुसदाह करणाऱ्या जीवाणूत. पुष्कळदा तो नंतर गळून पडतो, जनुक मात्र कड्यावर पक्के बसते.

खाद्यातला हा वापर चीनने २०१७ मध्ये थांबवला. पुढच्या पाहण्यांत तेथील डुकरांत हे जनुक बरेच कमी आढळले. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या व खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या विक्रीवर बंदी घातली.