समस्या कोणाची, उपाय कशावर?

मजकुराची रचना म्हणजे लेखकाने आपले मुद्दे परस्परांशी ज्या नात्याने बांधलेले असतात ते नाते होय, आणि ते ओळखता आले की विद्यार्थ्याला सुटी वाक्ये लक्षात ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत. अमेरिकी संशोधक बॉनी मेयर यांनी वर्णन, क्रम, कार्यकारण, तुलना आणि समस्या-उपाय असे या रचनांचे पाच प्रकार मांडले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, नववीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासात लेखकाचीच रचना धरून मजकूर आठवणाऱ्या मुलांना त्यातील आशय अधिक सांगता आला. समस्या-उपाय ही रचना वरवर सोपी वाटते, परंतु वर्गात तिच्या बाबतीत पुष्कळदा फसगत होते.

या फसगतीचे मूळ बहुधा खूणशब्दांच्या यादीत असते. ‘प्रश्न’, ‘अडचण’, ‘उपाययोजना’ अशा शब्दांना अधोरेखित करून शेजारी दोन चौकटी भरण्याचा सराव दिला की मुले यादीतील शब्द चपळाईने शोधतात, पण ज्या उताऱ्यात ते शब्दच नसतात तेथे त्यांना रचना दिसत नाही. आणि चांगल्या लेखनात ते पुष्कळदा नसतात. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात आधीची प्रकरणे शेतकऱ्याच्या दैन्याची कारणमीमांसा करतात आणि उपाय शेवटच्या प्रकरणात येतात. म्हणजे येथे समस्या एका वाक्यात सापडणारी नसून ती प्रकरणाप्रकरणाने उभी राहते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, तो म्हणजे कार्यकारण आणि समस्या-उपाय यांची सरमिसळ. पाऊस पडला नाही म्हणून विहिरी आटल्या, हे कार्यकारण झाले. त्यात कोणाची इच्छा नाही, प्रयत्न नाही. त्या आटलेल्या विहिरींमुळे कोणाचे तरी अडते आणि कोणीतरी त्यावर काही करते, तेव्हाच मजकूर समस्येचे रूप घेतो. म्हणून ‘समस्या कोणती?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणाचे अडले आहे?’ हा प्रश्न विचारणे शिक्षकाला आवश्यक असते, कारण पहिल्या प्रश्नाला मुले एखादे नाम उचलून देतात, तर दुसऱ्यासाठी त्यांना उतारा पुन्हा वाचावा लागतो.

पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीवरील उतारा या दृष्टीने फार उपयुक्त ठरतो. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानाची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी अडवण्याचे काम केले, हे वाचताच बहुतेक मुले ‘दुष्काळ’ आणि ‘पाणी अडवणे’ अशी जोडी लिहून मोकळी होतात. मग पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने, कुटुंबाला अडीच एकरांच्या मर्यादेपर्यंत दिले गेले, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली, या नियमांना त्या जोडीत जागाच उरत नाही. येथेच थांबून प्रत्येक नियम कोणत्या कारणावर घाव घालतो हे विचारावे. पाणी अडले तरी ते ज्याची जमीन मोठी त्याच्याकडेच जाण्याची आणि भरपूर पाणी पिणाऱ्या पिकात संपण्याची शक्यता होती, म्हणजे पहिल्या उपायाच्या पोटात दुसरी समस्या होती आणि नियम हे तिचे उत्तर होते, हा उलगडा विद्यार्थ्यांना स्वतः होऊ द्यावा. शिक्षकाने तो आधी सांगितला तर उताऱ्याचे मोल निम्मे होते.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ मायकेल होई यांनी या रचनेचे परिस्थिती, समस्या, प्रतिसाद आणि मूल्यमापन असे चार घटक सांगितले आहेत. ‘उपाय’ या ऐवजी ‘प्रतिसाद’ ही संकल्पना घेण्यात मोठा लाभ आहे, कारण केलेली प्रत्येक गोष्ट सफल होतेच असे नाही आणि ती सफल झाली की नाही हे मूल्यमापनाच्या वाक्यांतून कळते. दोन चौकटींच्या तक्त्यात ही वाक्ये हमखास गळतात.

तक्ता वापरूच नये असे नाही. मात्र तो वाचनानंतर, मुलांनी आपल्या शब्दांत सांगून झाल्यावर द्यावा, आणि चाचणीसाठी खूणशब्द काढून टाकलेला, वर्गात पूर्वी न आलेला उतारा निवडून त्यात कोणाचे अडले, का अडले, काय केले गेले आणि त्याने कितपत भागले, एवढेच सलग परिच्छेदात लिहून घ्यावे.